बार्शी कॅम्पला बातमी नेणारी आजी: हिला हेर म्हणायचं का?

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर घरात मिळेना, म्हणून इथं विचारते.

आमचं मूळ गाव भूम तालुक्यात, मोगलाईच्या म्हणजे निजामाच्या राज्याच्या अगदी कडेला. गावापासून दोन कोसांवर निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा. नाका ओलांडला की बार्शी तालुका, म्हणजे आजीच्या भाषेत 'इंग्रजी'. इंग्रज गेले तरी तिच्या तोंडून तो शब्द गेला नाही. "इंग्रजीत जाऊन येते" म्हणायची, म्हणजे बार्शीला.

१९४८ चा उन्हाळा. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारी टोळ्यांचा, जाच टोकाला गेलेला. आजोबांचे एक चुलतभाऊ बार्शी कॅम्पात, म्हणजे निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या तळावर, दाखल झाले होते. आजी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, कडेवर माझी आत्या, सहा-सात महिन्यांची. एकादशी धरायची आणि द्वादशीला बार्शीच्या भगवंताला बारस सोडायला जायचं, हा तिचा नेम. घरातल्यांनाही तो देवाचा नेमच वाटायचा. देवळात नमस्कार करून ती एका आडतीच्या मागच्या खोलीत जायची आणि गावात, नाक्यावर काय चाललंय ते सांगायची.

आजीला अक्षर येत नव्हतं आणि मोजणी विसांच्या पुढं गेली की घोटाळा व्हायचा. म्हणून तिनं सासूची चंची घेतली. चार कप्प्यांची, खणाच्या कापडाची, दोरी ओढली की गुंडाळी होणारी. एका कप्प्यात तुरी: एक तूर म्हणजे एक पोलीस. दुसऱ्यात जोंधळा: एक दाणा म्हणजे एक बंदूकवाला रझाकार. तिसऱ्यात हुलगे, घोड्यांसाठी. चौथा कप्पा कशाचा, ते तिनं मला सांगितलेलं आठवत नाही. पाणवठ्यावरून, चावडीसमोरून येताजाता ती नजरेनं मोजायची आणि घरी आल्यावर दाणे टाकायची. चिठ्ठी असली तर चुंबळीत शिवलेली, वर दुरडी.

एकदा नाक्यावरच्या शिपायानं चंची मागितली, तंबाखूसाठी. तिनं दिली. त्यानं दोरी सोडली, कप्पा उघडला, तुरी बघितल्या. म्हणाला, "हे काय?" आजी म्हणाली, "आडत्याला नमुना दाखवायचाय." त्यानं चार तुरी तोंडात टाकल्या, चावून बघितल्या आणि चंची परत दिली. आजी हे सांगताना दरवेळी एवढंच म्हणायची, "चार पोलीस खाल्ले गं त्यानं. म्या वाटभर चार, चार म्हनत गेले, इसरू नाही म्हनून."

ती जाऊन एकोणीस वर्षं झाली. येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेच्या कार्यक्रमात मला आजीवर तीन मिनिटं बोलायचंय. मी तिथं शिकवते. माझा चुलतभाऊ म्हणतो, "चार दाणे नेले म्हणून कोणी हेर होत नाही. हेर म्हणजे माताहारी. उगाच आजीला मोठं करू नकोस, तिचा ना दाखला, ना पेन्शन." मला आजीला मोठं करायचं नाही, बरोबर सांगायचंय. तर तिला हेर म्हणावं का? आणि कागद नसताना हे चारचौघांत कशाच्या जोरावर सांगावं?

---

अंबाजोगाईचे_गुरुजी

ताई, तुमची आजी हेर होती. शब्द बिनधास्त वापरा.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. चुलतभावाचं चुकतंय असं नाही, पण त्यांनी जे नाव घेतलं तिथूनच गैरसमज सुरू होतो. माताहारी ही नर्तकी; पहिल्या महायुद्धात जर्मनांची हेर ठरवून फ्रेंचांनी तिला १५ ऑक्टोबर १९१७ ला गोळ्या घातल्या आणि तेव्हापासून स्त्री-हेर म्हटलं की नाच, दागिने आणि सेनापतीचं शयनगृह असं चित्र डोक्यात बसलं. युद्धाला उपयोगी पडेल असं तिनं नेमकं काय पोचवलं हे शोधायला गेलात तर हाताला फार थोडं लागतं. त्याच युद्धात, त्याच वर्षी, बेल्जियम-फ्रान्सच्या पट्ट्यात बायका-पोरी काय करत होत्या ते ऐका.

तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता. तिथं 'ला दाम ब्लांश', म्हणजे 'पांढरी बाई', नावाचं एक गुप्त जाळं उभं राहिलं. हजाराच्या वर माणसं, त्यांत शेकडो बायका. मुख्य काम एकच: रेल्वेगाड्या मोजायच्या. कोणत्या मार्गावरून किती गाड्या कोणत्या दिशेनं गेल्या, डब्यांत माणसं की घोडे की तोफा. हे रोज, न चुकता कळलं की जर्मन सैन्य कुठं जमतंय ते ब्रिटिशांना आघाडीमागून समजायचं. फ्रान्समधल्या इरसोंजवळच्या लोहमार्गाला लागून एका निवृत्त रेल्वे नोकराचं घर होतं. तो, त्याची बायको आणि तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुली खिडकीशी आळीपाळीनं बसायच्या. लिहीत बसणं धोक्याचं, म्हणून त्यांनी काय केलं असेल? स्वयंपाकघरातले दाणे वापरले. शिपायांसाठी घेवड्याच्या बिया, घोड्यांसाठी चिकोरी, तोफांसाठी कॉफीच्या बिया. नंतर त्याचा कागद करून झाडूच्या पोकळ दांड्यात ठेवायचे. १९१७ च्या सप्टेंबरपासून युद्ध थांबेपर्यंत हे चाललं.

तुमची चंची वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठलो. इरसों कुठं आणि भूम कुठं! दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. मोजायचं आहे, लिहायचं नाही, आणि बाईच्या हाताशी धान्य आहे. तिघांचा मेळ बसला की युक्ती आपोआप तीच निघते.

कौटिल्यानंही हे आधीच ओळखलं होतं. अर्थशास्त्रात गूढपुरुषांच्या, म्हणजे हेरांच्या, प्रकरणात परिव्राजिका, म्हणजे फिरती संन्यासिनी, येते: गरीब, विधवा, धीट बाई, जिला राजाच्या अंतःपुरात मान आहे आणि अमात्यांच्या घरी जायला कोणी अडवत नाही. जाण्याला सबळ कारण आणि अडवायला कोणाला सुचत नाही, या दोनच गोष्टी त्यानं बघितल्या. तुमच्या आजीची बारस म्हणजे नेमकी तीच गोष्ट.

आपल्याकडे बोलायचं तर धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके माहीत आहेत, कारण त्यांनी शस्त्रं वाहिली, बाँब वापरले, घोड्यावर बसल्या. तुमच्याच तालुक्यातल्या ईटच्या गोदावरीबाई टेके रझाकारांशी लढता लढता गेल्या. त्यांचं नाव राहिलं ते योग्यच झालं. पण कॅम्पातली पोरं करोडगिरी नाक्यावर हल्ला करायला निघायची, ती नाक्यावर किती बंदुका आहेत हे कोणीतरी सांगितल्याशिवाय कशी निघतील? ते 'कोणीतरी' कोण, हे आपल्या पुस्तकांत फार कमी आलं.

---

फौजी_लातूर

गुरुजींनी मोठा पल्ला घेतला. मी माझ्या कामापुरतं बोलतो. बावीस वर्षं सिग्नल्समध्ये होतो.

ताई, तुमच्या आजीनं दोन कामं केली, आणि फौजेत ती दोन वेगळ्या माणसांची असतात. एक बघणं, दुसरं पोचवणं. पोचवणाऱ्याचा जीव जास्त धोक्यात असतो, कारण बघणाऱ्याच्या हातात काही नसतं, पोचवणाऱ्याच्या असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेच्या फ्रान्स विभागानं ३९ बायका फ्रान्समध्ये उतरवल्या. बहुतेकींचं काम निरोप्याचं नाहीतर वायरलेसचं. तरुण पुरुष रस्त्यावर दिसला की जर्मन त्याला थांबवायचे, कागद बघायचे, मजुरीला जर्मनीत धाडायचे. सायकलवर भाजीची टोपली घेऊन निघालेल्या बाईला तितकं कोणी थांबवायचं नाही.

त्यांतली नूर इनायत खान आपल्या मातीशी नातं असलेली. बाप बडोद्याचे गवय्ये, सूफी. बडोद्यातली संगीतशाळा तिच्या पणजोबांची, मौलाबक्षांची. टिपू सुलतानाच्या वंशातली. १६ जून १९४३ च्या रात्री छोट्या विमानानं तिला फ्रान्समध्ये उतरवलं. ताब्यातल्या फ्रान्समध्ये धाडलेली ती पहिली बाई वायरलेस ऑपरेटर. आठवड्याभरात तिच्या जाळ्यातली माणसं भराभर पकडली गेली. लंडननं परत ये म्हटलं, ती आली नाही, कारण पॅरिसमधून संदेश धाडणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. सूटकेसमध्ये बसवलेला, पंधरा किलोच्या आसपासचा सेट घेऊन ती घरं बदलत राहिली. जर्मनांच्या गाड्या लहरींचा माग काढत गल्लीपर्यंत यायच्या, म्हणून एका जागेवरून जास्त वेळ बोलायचं नाही. हे काय असतं ते मला माहीत आहे. मी तर शांततेच्या काळात, स्वतःच्या देशात बसून की दाबली, तरी सरावात माग लागला की हाताला घाम सुटायचा.

ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली. तिच्याकडून एक चूक झाली होती: पाठवलेले संदेश तिनं वहीत जपून ठेवले होते. ती वही आणि सेट जर्मनांच्या हाती लागला आणि तिच्या नावानं त्यांनी लंडनशी बोलणं चालू ठेवलं. त्या सापळ्यात आणखी एजंट उतरले. तिनं स्वतः तोंड उघडलं नाही. दोनदा पळायचा प्रयत्न केला, दहा महिने साखळदंडात काढले. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली आहे, कारण बरोबर चार वर्षांनी, १३ सप्टेंबर १९४८ ला, सोलापूरकडून निघालेल्या आपल्या फौजेनं नळदुर्ग घेतलं आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला.

हे सगळं सांगायचं कारण ती वही. शिकलेल्या, शिक्षण दिलेल्या एजंटला कागदानं दगा दिला. तुमच्या आजीचा कागदच खाण्याचा होता. शिपायानं तिच्यासमोर चावून खाल्ला आणि त्याला कळलं नाही. निरक्षर होती म्हणून हे जमलं असं मी म्हणणार नाही. डोकं होतं म्हणून जमलं. आणि "चार, चार" म्हणत जाणं, बातमी तुटली की तिथंच दुरुस्त करणं, हे आम्हाला शिकवायला सहा महिने लागायचे.

एक करा. घरात कोणाला विचारता येत असेल तर विचारा: ती दर खेपेला तेच ते मोजायची का? एकदाच मोजलं तर ती नुसती खबर. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेचं त्याच पद्धतीनं मोजलं तर कॅम्पाला फरक कळतो, आणि खरी बातमी फरकात असते.

---

फाईलवाला_धाराशिव

मी थोडं कडू बोलतो, राग मानू नका. गावातल्या म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज मी वर्षानुवर्षं भरले आहेत.

केंद्राची योजना १९७२ ला आली, १९८० ला तिचं नाव बदललं. अट काय? किमान सहा महिने तुरुंगवास, बायकांसाठी तीन. नाहीतर भूमिगत असल्याचा पुरावा: पकड वॉरंट, फरारी जाहीर केल्याचा कागद, डोक्यावर लावलेलं इनाम. पुढं सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलेल्यांनाही त्यात धरलं. आता यात आजीला कुठं बसवायचं ते बघा. ती पकडली गेली नाही, तिच्या नावानं वॉरंट नाही, कॅम्पात एक रात्र मुक्काम नाही. बाळ अंगावर पिणारं, संध्याकाळी घरी. म्हणजे काम जितकं चोख, तितका पुरावा कमी. तिच्याकडे कागद असता तर निजामाच्या पोलिसांकडेही असता.

तेव्हा 'दाखला नाही' हा चुलतभावाचा मुद्दा तिच्या विरोधात जात नाही. पण खोटे दाखले मिळवणारेही मी पाहिले आहेत. एका म्हाताऱ्या बाईचा अर्ज एका कचेरीतल्या माणसानं माझ्यासमोर हसून बाजूला ठेवला आणि त्याच दिवशी कॅम्पाचं तोंडही न पाहिलेल्या एकाचा पुढं सरकवला. ती बाई मला जिन्यात विचारत होती, "माझं काय चुकलं, बाबा?" मला आजही उत्तर देता येत नाही. म्हणून विनंती आहे: जे आजीनं सांगितलं तेवढंच सांगा, तिच्या शब्दांत. 'आजीच्या बातमीमुळे अमका नाका पडला' असली वाक्यं जोडू नका. तुरीचे चार दाणे पुरेसे आहेत.

---

अंबाजोगाईचे_गुरुजी

फाईलवाले, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. एकच भर घालतो. त्या 'पांढऱ्या बाई'च्या लोकांनी युद्ध चालू असतानाच ब्रिटिशांकडे हट्ट धरला होता की आम्हाला पगारी खबरे समजू नका, शिपाई म्हणून शपथ द्या. बायकांसकट सगळ्यांनी शपथ घेतली. आपली मोजदाद कुठंतरी व्हावी हे त्यांना आधीच सुचलं.

आणि नूरच्या बाबतीत, तिच्याच संघटनेतल्या व्हेरा अॅटकिन्स या बाई युद्धानंतर जर्मनीत गेल्या आणि बेपत्ता ११८ एजंटांपैकी ११७ जणांचं काय झालं ते एकेक साक्षीदार गाठून शोधून काढलं. त्यांनाही आधी वाटलं होतं की नूर दुसऱ्याच छावणीत, जुलैमध्ये मारली गेली. पुढं स्वतःच ते दुरुस्त केलं. कागदपत्रं असलेल्या सरकारचं हे असं. तेव्हा आत्या हयात असतील तर उद्याच जा.

---

नळदुर्गची_नात

सलाम ताई. तुमची गोष्ट मी माझ्या अम्मीला वाचून दाखवली.

माझी नानी नळदुर्गजवळच्या खेड्यातली. रझाकारांनी शेजारच्या मराठा कुटुंबाची दोन मुलं शोधायला घर पालथं घातलं तेव्हा ती मुलं नानीच्या कणगीत होती. ती हेर नव्हती. पण गावात कोण कधी येणार हे तिला आधी कळायचं, कारण येणाऱ्यांत तिचे नात्यातले होते, आणि ती परसातून आवाज न करता सांगायची. हेसुद्धा बातमी पोचवणंच झालं ना?

मग पोलीस अॅक्शन झाली, म्हणजे भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली, आणि उलटं वारं सुटलं. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता त्यांचीही घरं जळली. नंतर सरकारनं धाडलेली सुंदरलाल समिती गावोगाव फिरली, तिनं मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजला, आणि सगळ्यात जास्त फटका बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. तो अहवाल किती वर्षं बंद राहिला ते गुरुजींना ठाऊक असेल. त्या दिवसांत नानीला शेजारच्या मराठा काकूंनी ठेवून घेतलं. कणगी तीच नाही, घर दुसरं.

तुम्ही आजीबद्दल अभिमानानं बोला, मला आनंदच होईल. फक्त सभागृहात माझ्यासारख्या मुलीही बसलेल्या असतील. जोंधळ्याचा दाणा म्हणजे 'बंदूकवाला रझाकार' असं तुम्ही लिहिलंत, 'मुसलमान' असं लिहिलं नाहीत. तसंच बोला.

---

बालाघाटची_लेक

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण काल आत्याकडे जाऊन आले. भूमची गाडी चुकली, मग पाथरूडपर्यंत जीपनं.

आत्या आता अठ्ठ्याहत्तरची. दिसत कमी, बोलणं खणखणीत. फौजी दादा, तुमचा प्रश्न विचारला. आत्या म्हणाली, आजी दर खेपेला त्याच तीन जागा मोजायची: चावडी, नाका आणि वेशीबाहेरची चिंच, जिथं घोडे बांधायचे. जुने दाणे टाकून द्यायची नाही. पुरचुंडीत बांधून फडताळात ठेवायची, आणि पुढच्या वेळी दोन्ही शेजारी मांडून बघायची. "वाढले का घटले, ते इचारायचे कॅम्पातले," असं आत्यानं तिच्या तोंडून ऐकलेलं.

फाईलवाले दादा, आजीनंही अर्ज केला होता, हे मला काल पहिल्यांदा कळलं. एकदा गेली, "साक्षीदार आणा" म्हणाले. साक्षीदार तो आडतवाला, तो वारलेला. परत गेली नाही. तुमच्या जिन्यातल्या बाईंची गोष्ट वाचल्यावर हे ऐकणं मला फार जड गेलं. मी आत्याजवळ बसून रडले, ती माझी पाठ चोळत बसली.

आणि चौथा कप्पा. त्यात करडई होती. रात्री गाव सोडून बार्शीकडं निघून जाणाऱ्यांची, बायका-लेकरांसकट, माणशी एक. हे कॅम्पानं मागितलेलं नव्हतं, ती आपल्या मनानं मोजायची. कॅम्पातल्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, हे कशाला? तरी ती मोजायची. नळदुर्गच्या ताई, पुढचं तुमच्यासाठी. पोलीस अॅक्शननंतर तुरी, जोंधळा, हुलगे यांचे कप्पे रिकामे झाले. करडईचा भरत राहिला. आमच्या आळीतली तांबोळ्यांची तीन घरं आणि वेशीजवळची मोमिनांची घरं एका आठवड्यात मोकळी झाली, तेव्हा आजीनं तेही दाणे टाकले. ते कोणाकडंही नेले नाहीत, न्यायला जागा नव्हती. आत्या म्हणाली, त्यांतली दोन घरं पुढच्या वर्षी परत आली, तेव्हा आजीनं तेवढे दाणे मोजून काढले आणि चिमण्यांना टाकले. उरलेले बरीच वर्षं चंचीत होते. पुढं चंचीला कसर लागली.

मी 'हेर' हा शब्द वापरणार आहे. तीन मिनिटांत नाक्याचा शिपाई आणि चौथा कप्पा, एवढंच सांगेन. आत्याला सोबत घेऊन येते आहे. तिनं नवी चंची शिवायला घेतली आहे, चार कप्प्यांची, जुन्या लुगड्याच्या काठाची. तुरी, जोंधळा आणि करडई घरात आहे. हुलगे तेवढे बार्शीहून आणायला सांगितलेत.